चंद्रावहिनीचा डबा

"शकू, तुझी वहिनी गेली गो," दादा फोनवर म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?"

वहिनी असती तर या प्रश्नावरून तिने मला वर्षभर चिडवलं असतं. पण त्या सकाळी मला खरोखर तसंच वाटलं. महाडला माझं पडदे शिवायचं दुकान आहे. टेबलावर कापड पसरून कात्री लावणार एवढ्यात फोन वाजला. दादा स्वतःहून कधी फोन करत नाही. फोन वहिनी करायची आणि दादा मागून काहीतरी पुटपुटायचा. त्यातून त्या दिवशी त्यांच्याकडे पाहणीला सरकारी साहेब येणार होते, हे मला माहीत होतं. साहेब येणार म्हटलं की वाडीत आदल्या दिवसापासून धुसफूस, रुसवेफुगवे, चढे आवाज. मला वाटलं, वहिनीचं वाडीच्या पुढाऱ्याशी, धोंडूतात्यांशी वाजलं असणार आणि ती तणतणत डोंगरावरच्या जुन्या घराकडे निघून गेली असणार. एकदा तशी गेलीही होती. "अरे, पण कुठं गेली?" मी पुन्हा विचारलं. मग कुणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला. एका अनोळखी बाईचा आवाज म्हणाला, "ताई, तुम्ही पोलादपूरच्या दवाखान्यात या. सावकाश या..." त्या ‘सावकाश’वर माझ्या हातातली कात्री टेबलावर पडली.

मी पोहोचले तेव्हा तिला घरी आणलेलं होतं. घरी म्हणजे पत्र्याच्या त्या खोलीत, जिला सगळी वाडी ‘डबा’ म्हणते. दारात बायका रडत होत्या, मला बघून त्यांनी वाट करून दिली आणि मी आत पाऊल टाकलं तर मला क्षणभर वाटलं, मी चुकीच्या दारात शिरले. खोली उघडी होती. भिंतीवर काही म्हणजे काही नव्हतं. खिडकीला पडदा नाही, खाटेवर चादर नाही, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एक पातेलं आणि शेगडी. मधोमध चंद्रावहिनी झोपवलेली. आणि भिंतींच्या मळकट पांढऱ्या रंगावर जागोजागी गोल गोल स्वच्छ डाग... तिची एकेक वस्तू जिथे जिथे असायची तिथे. मी तिच्याकडे बघायच्या आधी त्या भिंतींकडे बघितलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते रडण्याचं नव्हतं. मी ओरडले, "हे कुणी काढलं सगळं?"

कुणी काढलं ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला आमची वाडी. माझं माहेर. शेरडं-गुरं, नाचणी-वरी, थोडं भात, एवढाच तिथला संसार. काही वर्षांपूर्वीच्या त्या भयंकर पावसात वाडीच्या माथ्यावर डोंगराला भेग पडली. त्याच दिवसांत महाड पाण्याखाली होतं, माझं दुकान छतापर्यंत बुडालेलं, त्यामुळे मला वाडीचं कळलं तेही उशिरानेच. माणसं वाचली, गुरंही बहुतेक वाचली. पण डोंगराचा भरवसा राहिला नाही, म्हणून सगळ्या वाडीला खाली रस्त्यालगतच्या माळावर आणलं आणि लोखंडी पत्र्याच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब ठेवलं. कागदावर त्याचं नाव ‘तात्पुरता निवारा’. पक्की घरं होईपर्यंत, असं सांगितलं होतं. पक्की घरं आज होतील, उद्या होतील, असं करता करता डब्यांच्या दारांना गंज चढला.

धोंडूतात्या म्हणजे वाडीचं तोंड. तालुक्याच्या कचेरीत खेपा घालून त्यांच्या चपला झिजल्या, हे मी शपथेवर सांगेन. खाली आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी माळावर बैठक घेतली. मीही नेमकी तिथे होते. तात्यांनी बजावून सांगितलं, डब्यात कुणी घरभरणी करायची नाही. दाराला तोरण नाही, पुढे तुळस नाही, रंग नाही, शोभेची वस्तू नाही. "घरभरणी केली म्हंजे ते घर झालं," तात्या म्हणाले, "आणि घर झालं की बोलतील, हाय की तुमाला घर, दुसरं कशाला मागता? जो सजवंल तो सगळ्यांना बुडवंल, सांगून ठेवतो." ऐकायला वेडेपणा वाटेल, पण तो नुसता वेडेपणा नव्हता. पाहणीला आलेल्या एका साहेबांनी कुणाच्या तरी दारातली नवी खुर्ची बघून ‘मजेत आहात की’ असं हसत हसत म्हटलं होतं. साहेब म्हणून गेले, वाडीने ते वाक्य मनात कोरून घेतलं. आपण मजेत दिसलो तर आपलं घर जाईल... त्या भीतीत पुढची सगळी वर्षं गेली.

त्या बैठकीत चंद्रावहिनी पदर दातांत धरून खाली बघत बसली होती. पक्कं घर तिला सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. ती लग्न होऊन आली ती आमच्या आईच्या स्वयंपाकघरात. आई गेल्यावर थोरल्या जावेचं राज्य आलं. तांदळाचं पिंप कुठे ठेवायचं इथपासून दिवा कुठे लावायचा इथपर्यंत तिला कधी कुणी विचारलं नाही. थोरले भाऊ-वहिनी गेले, मुलगा मुंबईला नोकरीला लागला, आणि आता कुठे ते घर तिचं एकटीचं होणार तोच डोंगराला भेग पडली. तिला आयुष्यात एकदा स्वतःच्या हाताने उंबरठ्याला हळदकुंकू लावायचं होतं. बस, एवढंच. डब्याला उंबरठाच नव्हता, नुसती लोखंडी पट्टी, तीही ठेच लागावी अशी.

पहिल्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ती भर दुपारी बाहेर रस्त्याच्या कडेच्या करंजाखाली बसलेली. "आत का नाही बसत?" मी विचारलं.

"आत बसलं की कुणीतरी वरनं झाकण लावल्यासारखं वाटतं, वन्सं." मला ती शेवटपर्यंत वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मी तिच्याहून केवढी लहान, पण नणंद ना! मी तिला अगं-तुगं करायची. तिला त्याचं काही नव्हतं.

झाकण तिने पुढे उघडलं, पण ते कसं ते ऐकण्यासारखं आहे. डब्यात खिळा ठोकता येत नाही. पत्र्याला भोक पाडायचं नाही, अशी सक्त ताकीद. त्यामुळे सगळ्यांचा सगळा संसार जमिनीवर. एवढीशी खोली, त्यात खाट, पेटी, पिंप, भांडी, कपड्यांची बोचकी, चालायचं कुठून? एक दिवस दादाने बाजारातून बॅटरी आणली, बुडाला चुंबक असलेली. ती सहज भिंतीला टेकवली तर चिकटून बसली. दादाने बघितलं आणि सोडून दिलं. वहिनीने बघितलं आणि मला फोन केला. एरवी ती आधी माझ्या पाठदुखीची चौकशी करायची, त्या दिवशी थेट ओरडलीच, "वन्सं, भिंत धरते हो! भिंत धरते!"

मग माझ्यामागे चुंबकांचा लकडा लागला. महाडच्या भंगारवाल्याकडे पुरात भिजून निकामी झालेले मोठमोठे स्पीकर ढिगाने पडले होते, मंडपवाल्यांचे, बॅण्डवाल्यांचे. त्यातली जाडजूड गोल चुंबकं मी आणली. नुसती लावली तर पत्रा खरवडतो आणि वस्तू घसरते, म्हणून पडद्यांच्या उरलेल्या तुकड्यांच्या छोट्या पिशव्या शिवून त्यात एकेक चुंबक घातलं आणि वर अडकवायला नाडी लावली. कसं शिवायचं ते मी ठरवलं, कुठे लावायचं ते तिने. बघता बघता तिचा संसार जमिनीवरून उठून भिंतीवर गेला. चमचे-पळ्यांसाठी कापडी खणांचा पडदा, कांदे-लसणाची जाळी, औषधांचा खिसा, फणी, दादाच्या विड्यांची चंची, अगदी छताजवळ उन्हाची तिरीप पकडणारा छोटा आरसा. त्या आरशामुळे मागचा अंधारा कोपरा उजळायचा, हे तिचं तिलाच सुचलेलं. खाट दादाने दगडांवर उंच करून दिली आणि तिच्याखाली पिंप-डबे सरकवले. मधोमध दोरीवर माझ्या दुकानातल्या तुकड्यांचा जोडपडदा. मोकळ्या झालेल्या जागेत ती चटई टाकायची आणि येणाऱ्याला म्हणायची, "या, हॉलमध्ये बसा." लोक हसायचे, पण पाय पसरून बसायचे. शेजारणी दुपारचं निवडणं-टिपणं घेऊन तिच्याकडेच यायला लागल्या.

आणि तात्यांच्या कपाळावर आठी चढली. ते दारात येऊन बघून गेले. "चंद्रे, काय ठरलं व्हतं?"

"घरभरणी केली नाय, तात्या. तोरण नाय, तुळस नाय. डबा घासूनपुसून ठेवू नये असं कुठं ठरलं व्हतं?"

तात्या त्या वेळी तसेच माघारी फिरले. ती जिंकली असं मला वाटलं आणि फोनवर मी खदखदून हसले. ती मात्र हसली नाही. "हसू नका वन्सं," म्हणाली, "मला रातची झोप लागत नाय. तात्या खोटं नाय बोलत. माझ्या आरशापायी एखाद्याचं घर गेलं तर?" मी तिला वेड्यात काढलं. पण ती भीती खरी होती आणि ती तिच्या पोटात कायमची बसली. त्या खोलीत मन लावून एक वस्तू लावायची आणि लगेच रस्त्याकडे बघायचं, गाडी तर नाही ना आली.

खरं वाजलं ते वेलावरून. पत्रा तापू नये म्हणून तिने पावसाळ्यात भोपळ्याचा वेल छतावर चढवला होता. पाऊस सरेपर्यंत अख्खा डबा हिरवागार झाला, पानांखाली कोवळे भोपळे धरले आणि आत एवढा गारवा की दादा दुपारी घोरायला लागला. आणि निरोप आला, उद्या साहेब येणार. मी त्या दिवशी सणाचं वाण द्यायला गेले होते, म्हणून ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. तात्या हातात कोयता घेऊन आले, मागे पाच-सहा बाप्ये. "भिंतीवरचं तू काढशील, पण ह्यो वेल? रस्त्यावरनं दिसतोय. साहेब गाडीतनं उतरायच्या आधी बघंल आणि बोलंल, बागा फुलवल्यात ह्यांनी."

"तोडू नका," मी मधे पडले. "ऊन किती आहे बघा. माणसं भाजतील आत."

"तू महाडला ऱ्हातेस शकू," एकजण मागून बोलला. "तुझं घर पक्कं हाय."

दादा दोघांच्या मधे उभा. माझा दादा स्वभावाने असा की भांडण दिसलं की त्याला गुरांना पाणी दाखवायची आठवण होते. त्या दिवशीही त्याने एकदा तात्यांकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि खरोखरच गोठ्याकडे वळला. मला त्याचा असा संताप आला! वहिनीने मात्र त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने तात्यांच्या हातातून कोयता घेतला, खाली बसली आणि वेल बुडातून स्वतः तोडला. कोवळे भोपळे ओटीत काढून घेतले. संध्याकाळी त्यांची भाजी करून पहिली वाटी तात्यांकडे पाठवली. रिकामी वाटी परत द्यायची नसते, म्हणून तात्यांच्या बायकोने त्यात साखर घालून पाठवली. वहिनीने ती चिमूट चिमूट सगळ्यांच्या हातावर ठेवली, माझ्याही. मी ती गिळली खरी, पण मला ती गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आलेच नाहीत. छतावरची पानं दुपारपर्यंत लोळागोळा झाली.

त्यानंतर ही रीतच पडून गेली. साहेब येणार असा निरोप आला की वहिनी सगळ्यांच्या आधी भिंती उतरवायची. पिशव्या ओढून काढायच्या, लुगड्यात गाठोडं बांधायचं, पेटीत कोंबायचं. चुंबकांमुळे ते झटक्यात व्हायचं. गाडी गेली की, किंवा संध्याकाळपर्यंत गाडी आलीच नाही की, पुन्हा सगळं भिंतीवर. आणि प्रत्येक वेळी नवीन पद्धतीने! "परत लावायचंच हाय तर तसंच कशाला लावायचं?" म्हणायची. कधी आरसा खिडकीसमोर, कधी दारामागे. पळ्यांचे खण कधी शेगडीशी, कधी खाटेच्या डोक्याशी. मला फोन करून सांगायची, "ह्या टायमाला हॉल मोठा केला वन्सं." मी विचारायची, कशाला एवढा जीव काढतेस, सगळ्यांसारखं राहा की. तर म्हणायची, "सगळी बोलतात, घर मिळालं की नीट ऱ्हाऊ. मी साठीला आली. मला तवर नीट ऱ्हायचं नाय का?" आणि पुढच्याच श्वासाला, "पण माझ्यामुळं कुणाचं अडायला नको, एवढंच देवाला सांगते."

हे असं दोन्हीकडून ओढलं जाणं तिला महागात पडलं, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतील, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. होतं. ती गोळ्या घेत होती, त्यासाठी महाडला यायची, येताना दुकानात डोकावायची. शेवटची आली तेव्हा दाराशी दम खात उभी राहिली. मी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. तिचं लक्ष मात्र कापडांच्या थप्पीकडे. एका गिऱ्हाइकाच्या पडद्यातला उरलेला, फिक्या पिवळ्या फुलांचा तुकडा तिने उचलला, गालाला लावून बघितला आणि परत ठेवला.

"पक्कं घर मिळालं की काय करशील गं पहिलं?" मी विचारलं.

"घरभरणी." तिने एका दमात सांगितलं. मग जरा विचारात पडली. "पण तिथं विटांच्या भिंती असतील, वन्सं. त्या धरायच्या नायत. सगळं पयल्यापासून शिकावं लागंल." आणि खुदकन हसली. "चालंल. शिकीन." एसटी चुकेल म्हणून लगबगीने निघाली, रस्ता ओलांडताना तिने एकदा छातीवर हात ठेवलेला मी बघितला... मी हाक मारली, तिने मागे न बघता हात हलवला.

तिच्या शेवटच्या सकाळची हकीकत दादाने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. निरोप आदल्या दिवशीच आला होता. तिने पहाटे उठून, चहासुद्धा न घेता भिंती उतरवायला घेतल्या. दादा म्हणाला, मी काढतो, तर म्हणाली, तुमाला नाय जमायचं, नाड्या तोडाल. शेवटी राहिला तो छताजवळचा आरसा. त्यासाठी ती पेटीवर चढली. आरसा काढून दादाच्या हातात दिला आणि म्हणाली, "जरा बसते." बसली ती पेटीवरच कलंडली. तात्यांनी कुणाचा तरी टेम्पो थांबवला, स्वतः मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पोलादपूरला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि साहेब त्याही दिवशी आले नाहीत. येणार होते त्या सुमारास माळावर तिची तिरडी बांधत होते.

हे सगळं मला नंतर कळलं, पण साहेब येणार होते हे ठाऊक होतं, म्हणून त्या उघड्या भिंती बघताच मी ओरडले. समोर तात्या उभे होते. जे तोंडाला येईल ते मी बोलले. तुमच्या साहेबापायी मारलीत तिला, घ्या आता पक्की घरं, असं काहीबाही. बायका मला धरायला लागल्या. तात्या हलले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बायकोनं त्या डब्यात इतक्या वर्सांत एक फडका लावला नाय, शकू. मी लावू दिला नाय. ती तुझ्या वहिनीकडं येऊन बसायची. मला काय कळत नव्हतं व्हय?" मी वहिनीच्या उशाशी जाऊन बसले. राग गेला असंही नाही, तो आजही पूर्ण गेलेला नाही. पण तो कुणावर काढायचा ते मला आता समजत नाही.

बाराव्यानंतर मुलगा मुंबईला परत गेला. "बाबा, चल माझ्यासोबत," म्हणाला, पण दादा हलला नाही. मी थांबले. दादा त्या उघड्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एका दुपारी शेजारच्या दोघीतिघी आल्या, पेटी उघडली, गाठोडं सोडलं. त्यांच्यात तात्यांची बायकोही होती. कुणी काही ठरवलं नव्हतं. एकीने पळ्यांचे खण शेगडीशी लावले तर दुसरी म्हणाली, "हितं नाय गो, खाटेकडं व्हतं." तिसरी म्हणाली, दोघी चुकताय, दाराशी होतं. आरशावरून तर हातघाईवर आल्या. जिने तिने आपण शेवटचं बसून निवडणं केलं तेव्हाचं घर डोक्यात धरलेलं. सगळ्याच खऱ्या होत्या, कारण प्रत्येकीने बघितलेलं घर वेगळं होतं. शेवटी दादा उठला. एकेक वस्तू त्याने उचलली आणि लावली. त्या सकाळी ती उतरवायच्या आधी होती तशी. बायका मागे सरकून बघत राहिल्या. मी माझ्या पिशवीतून तो फिक्या पिवळ्या फुलांचा तुकडा काढला, मधे एकदा दुकानात जाऊन त्याला नाड्या लावून आणल्या होत्या, आणि खिडकीला बांधला.

चारच दिवसांत पुन्हा निरोप आला. या वेळी खरोखर गाडी पोलादपूरहून निघाली होती. माळावर एकच पळापळ उडाली. खुर्च्या आत, वाळवणं आत, पोरांचे नवे कपडे आत. तात्या एकेका दारावरून ‘काढा, काढा’ करत आले आणि दादाच्या दारापाशी थांबले. दादा उंबरठ्याच्या जागी असलेल्या त्या लोखंडी पट्टीवर बसला होता, दार अडवून. तात्यांनी आत बघितलं. सगळ्या भिंती भरलेल्या, पिवळा पडदा वाऱ्यावर हलतोय. मी म्हटलं, आता वाजणार. आणि आतून मलाच वाटत होतं की दादा, काढून टाक रे बाबा, उगाच सगळ्यांचं नुकसान नको. तिचीच भीती आता माझ्या पोटात आली होती.

"गणपत," तात्या म्हणाले.

"ह्या टायमाला काय काढायचं नाय, तात्या," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण उठलाही नाही. गुरांना पाणी दाखवायची आठवणही त्याला झाली नाही.

तेवढ्यात गाडी आलीच. एक मॅडम उतरल्या, सोबत लिहून घेणारे दोघं. उघड्याबोडक्या डब्यांमधून एकेक माहिती घेत त्या पुढे पुढे येत होत्या आणि त्यांच्यामागे अख्खी वाडी. दादाच्या दाराशी आल्या, त्याने बाजूला सरकून वाट दिली. मॅडम आत गेल्या आणि एकेका भिंतीपाशी थांबल्या. त्यांनी एक खण बोटाने जरा ओढून बघितला, तो टकदिशी पुन्हा भिंतीला चिकटला. तात्यांच्या बायकोने माझा दंड धरला होता तो सोडला नाही.

"छान ठेवलंय हो," मॅडम म्हणाल्या. बाहेर कुणीतरी सुस्कारा टाकला, संपलं, असा. मॅडमनी विचारलं, "किती माणसं राहता इथे?"

"दोन," दादा म्हणाला.

लिहून घेणाऱ्याने खोलीभर नजर फिरवली. एक दादा, बाकी कुणी नाही. भिंतीवर लावायचा वहिनीचा फोटोही अजून मोठा करून यायचा होता. त्याने मॅडमकडे बघितलं, मग तात्यांकडे बघितलं. कागदावर एक अक्षर चुकलं तर अख्ख्या वाडीचं अडेल, हे ज्यांनी सगळ्यांना इतकी वर्षं घोकायला लावलं ते तात्या. वाडीतला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघत होता.

"व्हय," तात्या म्हणाले. "दोनच."

त्याने लिहून घेतलं आणि ते पुढच्या डब्याकडे गेले. घरांचं काय होणार ते मी हे लिहीपर्यंत कळलेलं नाही. गाडी गेल्यावर मी आत गेले. दादा शेगडीपाशी बसून चहा टाकत होता. "दादा," मी म्हटलं, "हे काय सांगितलंस रे?"

त्याने वर बघितलं नाही. "मंग काय सांगू गो? घर तिचं हाय. मी नुसता ऱ्हातोय."